मुक्काम जमिनीवर, दिवस पाण्यात : गालापागोसहून आल्यावर

निळाई | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीला जोडून आम्ही तिघं गालापागोसला जाऊन आलो: मी, नवरा आणि सतरा वर्षांची लेक. आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, पोहायला जाते त्या टिळक टँकवर जो भेटतो तो विचारतो, "त्या बोटीवर राहायला कसं वाटलं?" आम्ही बोटीवर राहिलोच नाही. सगळे मुक्काम गावांत, साध्या गेस्टहाऊसमध्ये, आणि दिवस पाण्यात. असं करता येतं हे आपल्याकडे फारसं माहीत नाही, म्हणून हा धागा.

आमचं गणित सरळ होतं. मी चार वर्षांपूर्वी डायव्हिंग शिकले, जाण्याआधी माझे ४३ डाइव्ह झाले होते. लेकीने गेल्या मे महिन्यात ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला, कोर्स केला. नवरा पट्टीचा पोहणारा, पण लहानपणी कानाची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे टाकी लावून खाली जायला डॉक्टरांचा सक्त नकार. डाइव्हवाल्यांच्या मोठ्या बोटीवर, म्हणजे लिव्हअबोर्डवर, तो आठ दिवस काय करणार होता? शिवाय त्या बोटी अनुभवी डायव्हरच घेतात, लेकीला कोणी घेतलंच नसतं. तिघांनी एकत्र जायचं तर मुक्काम किनाऱ्यावरच हवा होता.

यात काय सुटतं तेही आधीच सांगते. उत्तरेकडची डार्विन आणि वुल्फ ही दोन बेटं फक्त लिव्हअबोर्डनेच गाठता येतात. जून ते नोव्हेंबरात दिसणारे महाकाय व्हेल शार्क तिथलेच. ज्यांचं स्वप्न तेच आहे त्यांनी पैसे साठवावेत, अनुभव वाढवावा आणि बोटीनेच जावं.

बेटं इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, प्रशांत महासागरात. जमिनीचा ९७ टक्के भाग राष्ट्रीय उद्यान. गावं फक्त चार बेटांवर: सांताक्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि फ्लोरेआना. आम्ही पहिल्या तिन्ही बेटांवर मिळून तेरा रात्री राहिलो. एका बेटावरून दुसऱ्यावर जायला स्पीडबोट असते, तिला तिथे लांचा म्हणतात. दोन तास लागतात आणि ती लाटांवर अक्षरशः आपटत जाते. गोळी बोटीत बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

पहिल्या संध्याकाळचं सांगते. सांताक्रूझवरचं गाव पुएर्तो आयोरा. जेवण झाल्यावर धक्क्यावर गेलो. धक्क्याच्या दिव्याखाली पाणी हिरवं दिसत होतं आणि त्यात हातभर लांबीची शार्कची पिल्लं गोल गोल फिरत होती. बाकावर एक सी लायन आडवा पसरलेला, त्याच्या शेजारी उरलेल्या जागेत एक बाई मुलाला घेऊन बसलेली. दोघांनाही एकमेकांचं काही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात पाहिलं, मासे कापणाऱ्या बाईच्या गुडघ्याशी सी लायन आणि खांद्यामागे झोळीवाले, म्हणजे पेलिकन, अगदी आपल्याकडे मांजरं बसतात तसे. बोटीवर राहिलो असतो तर ही संध्याकाळ मिळाली नसती.

आता पाण्याबद्दल. गालापागोसला कोरल बघायला जाऊ नका. तिथे लाव्हाचा काळा खडक आहे, थंड पाणी आहे आणि मोठे प्राणी आहेत. दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाह थंड पाणी आणतो. पश्चिमेकडून क्रॉमवेल नावाचा खोल प्रवाह येतो, तो बेटांना धडकून वर उसळतो आणि तळाचं अन्न वर आणतो. विषुववृत्तावर पेंग्विन राहू शकतात ते या पाण्यामुळेच. आम्ही गेलो तेव्हा पाणी १९ ते २२ अंश होतं. ७ मिलिमीटरचा वेटसूट, डोक्याला हूड, पायात बूटीज, आणि तरी दुसऱ्या डाइव्हनंतर दात वाजायचे. डिसेंबर ते मे पाणी उबदार असतं, तेव्हा ५ मिलिमीटर चालतो.

सगळ्यात आनंदाचा दिवस किकर रॉकचा. सान क्रिस्तोबालहून बोटीने गेलं की समुद्रातून एकदम वर आलेला दुभंगलेला सुळका दिसतो. स्थानिक त्याला लेओन दोर्मिदो म्हणतात, झोपलेला सिंह. दोन सुळक्यांच्या मधे अरुंद खिंड. एकाच बोटीत डायव्हर आणि स्नॉर्केल करणारे दोन्ही असतात. मी आणि लेक गाईडबरोबर १६ मीटरवर भिंतीला चिकटून होतो. वर पाहिलं तर खूप उंचावर नवऱ्याचे पिवळे फिन्स हलताना दिसले. आणि तेवढ्यात आमच्या आणि त्याच्या मधल्या पाण्यातून हॅमरहेड शार्क गेले. एक, तीन, मग मोजणं सोडलं. डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत, घाई नाही, आवाज नाही. आम्हाला त्यांची पांढरी पोटं दिसली, त्याला त्यांच्या करड्या पाठी. वर आल्यावर तिघंही एकदम बोलायला लागलो आणि कोणाचंच कोणाला कळेना.

इसाबेलावर लोस तुनेलेस म्हणून जागा आहे. लाव्हाच्या कमानी, मधे गुडघ्यापासून गळ्यापर्यंत पाणी, कपारीत झोपलेले व्हाइटटिप शार्क आणि खारफुटीच्या मुळाला शेपटी गुंडाळून बसलेला समुद्रघोडा. तिथे टाकी लागतच नाही. त्याच गावातल्या कोंचा दे पेर्ला या खाडीत फी नाही, बोट नाही, चालत जायचं. तिथे एक पेंग्विन माझ्या मास्कसमोरून असा सुटला की मी पाण्यातच ओरडले.

समुद्री इग्वानाबद्दल वेगळं लिहावं लागेल. जगात समुद्रात उतरून चरणारा सरडा हा एकच. खडकाला नखं रुतवून शेवाळ खरवडतो, थंडीने हातपाय आखडायला लागले की वर येतो, काळ्या दगडावर ऊन खातो आणि अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून फुर्रकन उडवतो. पाण्याखाली चरताना एकदाच बघायला मिळाला, पण तो एकदा पुरेसा होता.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

---

हिंजवडीचा_पाणबुड्या | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, वाचनखूण साठवली! मी यंदा फेब्रुवारीत अंदमानात, स्वराज द्वीपला, ओपन वॉटर केलं. एकूण ६ डाइव्ह. पुढच्या सप्टेंबरात गालापागोसचा विचार आहे. गॉर्डन रॉक्सचे व्हिडिओ बघून वेडा झालोय. सहा डाइव्हवर जमेल ना?

---

निळाई | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

नाही जमणार, आणि कोणी "जमेल" म्हणालं तरी जाऊ नकोस.

गॉर्डन रॉक्स म्हणजे झिजून गेलेल्या ज्वालामुखीच्या विवराची कड. पाण्याच्या वर फक्त दोन-तीन खडक, आत वाटीसारखी जागा, आणि त्या वाटीत प्रवाह वरून, खालून, बाजूने कुठूनही येतो. स्थानिक डायव्हर त्याला लावादोरा म्हणतात, म्हणजे कपडे धुण्याचं मशीन. मी तिथे गेले ती ॲडव्हान्स्ड कोर्स आणि चाळीसवर डाइव्ह झाल्यावर. तरी माझा पहिला दिवस चुकला, तोही सांगते.

केंद्राने भाड्याचा वेटसूट दिला तो एक माप मोठा होता. मी सकाळच्या घाईत "चालेल" म्हणाले. त्यांनीही आधी सोप्या जागी एक डाइव्ह करून, खाली राहण्यासाठी अंगाला लावायची वजनं तपासून घ्यायला हवी होती, ती घेतली नाहीत. खाली गेल्यावर सूटमध्ये गार पाणी खेळायला लागलं, मी थरथरायला लागले, श्वास वाढला आणि पंचवीस मिनिटांत टाकीतला हवेचा दाब ७० बारवर उतरला. दोन्ही हातांनी खडक धरून बसले होते. गाईडने माझा गेज पाहिला, वर चलण्याची खूण केली, वर येताना थांबायचं असतं तो तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप मोकळ्या पाण्यात, नारिंगी फुगा सोडून केला. दुसरा डाइव्ह मी केला नाही. बोटीवर घोंगडं पांघरून बसले. दोन दिवसांनी केंद्र बदललं, अंगाला घट्ट बसणारा सूट घेतला, आधी नॉर्थ सेमोर बेटापाशी वजनं नीट लावली आणि मग पुन्हा गॉर्डनला गेले. त्या दिवशी कळलं की पहिल्या दिवशी मी काहीच पाहिलं नव्हतं. हॅमरहेड खोलातून वर येतात, वेग कमी करतात, आणि किंग एंजलफिश त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपायला पुढे येतात. त्यांना पाहायचं तर आपण एका जागी स्थिर, शांत श्वास घेत थांबता आलं पाहिजे. ज्याचा श्वास फुललाय त्याच्या बुडबुड्यांनी ते लांब निघून जातात.

तुझ्यासाठी माझं मत: सप्टेंबरच्या आत अंदमानात किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला आणखी वीस डाइव्ह कर, त्यात ॲडव्हान्स्ड कर. तिथे गेल्यावर मोस्केरा, नॉर्थ सेमोर, किकर रॉक करून मग बघ.

---

हिंजवडीचा_पाणबुड्या | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:१४

स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे. मार्चमध्ये पुन्हा स्वराज द्वीपला जायचं ठरवतो. तिथले डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ॲडव्हान्स्डनंतरच करू देतात, तेच लक्ष्य ठेवतो.

---

डॉ_नारायणपेठ | २४ नोव्हेंबर, दुपारी २:४०

वैद्यकीय बाजूच्या काही गोष्टी लिहितो, कारण या धाग्यावरून लोक तिकिटं काढतील.

पहिली, पिवळ्या तापाची लस. इक्वाडोर पिवळ्या तापाच्या यादीतला देश आहे. बेटांवर तो आजार नाही, पण परत येताना भारतातल्या विमानतळावर देश बघतात, बेट बघत नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस अधिकृत सरकारी केंद्रातच घ्यायची, घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, त्यांना या लशीचा धोका जास्त असतो.

दुसरी गोष्ट उंचीची. अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. घाटाचं लक्षात येत नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो, मग दाब विमानाने कमी केला की गाडीने, शरीराला फरक पडत नाही. सांताक्रूझवर उत्तरेकडच्या डाइव्हच्या बोटी इताबाका खाडीतून सुटतात. परत गावात येताना रस्ता बेटाच्या मधल्या डोंगरावरून, सुमारे ६०० मीटर उंचीवरून जातो. त्या दिवशीचे डाइव्ह उथळ आणि आखूड ठेवा, बाहेर आल्यावर लगेच गाडीत बसू नका, आणि आपल्याला उंचीवरून जायचंय हे गाईडला सांगा.

हेच आपल्याला घराजवळही लागू आहे. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. तारकर्लीला दुपारी डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून निघणारे मी पाहतो. रात्रभर मालवणात थांबा, सकाळी निघा.

आणि निळाईताईंच्या यजमानांना मनापासून शाबासकी. कानाची शस्त्रक्रिया लपवून फॉर्मवर "नाही" लिहिणारे रुग्ण माझ्याकडे येतात. त्यांनी तसं केलं नाही.

---

निळाई | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०२

डॉक्टर, घाटाचं आमच्या गाईडनेही सांगितलं होतं. त्याने आम्हाला दीड तास धक्क्यावर बसवून ठेवलं. तेव्हा मला वाटलं गाडी आली नाही म्हणून थांबलोय. आता नीट कळलं.

---

मालवणची_माहेरवाशीण | २४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ताई, हॅमरहेडला आमच्याकडे कानमुशी म्हणतात. मुशी म्हणजे शार्क. डोक्याला दोन्ही बाजूंनी कान फुटल्यासारखे, म्हणून कानमुशी. माझे आजोबा रापणीला जायचे, त्यांच्या तोंडून हे नाव ऐकत मोठी झाले. बाजारात लहान लहान कानमुशी टोपलीत पाहिल्या आहेत. पाण्यात, जिवंत, ओळीने जाणारी मी अजून पाहिलेली नाही. तुमचा किकर रॉकचा परिच्छेद माझ्या आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "एवढ्यो कानमुशी एका ठिकाणी? मगे त्यांका कोण धरणत नाय काय?"

याचं उत्तर द्या ना. तिथे मच्छीमार आहेत का?

---

निळाई | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

आईंना सांगा, धरायला बंदी आहे, आणि ती पाळली जावी म्हणून तिथली माणसं झगडतात. १९९८ साली कायदा होऊन बेटांभोवतीचा समुद्र राखीव झाला. मोठ्या कारखानी जहाजांना आत मासेमारी करता येत नाही, स्थानिक मच्छीमार लहान होड्यांनी करू शकतात, पण शार्क मात्र कोणीच धरायचा नाही. तरी २०१७ मध्ये राखीव क्षेत्रात एक चिनी जहाज पकडलं, त्याच्या पोटात ६,००० हून जास्त शार्क होते, त्यात कानमुशीही होत्या. आमचा बोटवाला स्वतः मच्छीमाराचा मुलगा. तो दिवस सांगताना त्याचा आवाज बदलला. धक्क्यावर लोक मोर्चाने उतरले होते म्हणे. २०२२ मध्ये राखीव समुद्र आणखी ६०,००० चौरस किलोमीटरने वाढवला, कारण कानमुशी, कासवं ही बेटांपाशी थांबत नाहीत, कोस्टा रिकापर्यंत पोहत जातात.

नाव सांगितल्याबद्दल खूप आभार. यापुढे मी कानमुशीच म्हणणार.

---

प्रभातरोडचे_काका | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

मी ६८, सौ. ६४. दोघांनाही पोहता येतं, पण समुद्रात कधी उतरलो नाही. तिचे गुडघे जरा कुरकुरतात. शुद्ध शाकाहारी. लेक अमेरिकेत आहे, तिथून ती आम्हाला घेऊन जाते म्हणते. आमच्यासारख्यांनी जावं की उगाच तिच्या जिवाला घोर?

---

निळाई | २५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

काका, जरूर जा. बरंचसं गालापागोस पाण्यात न उतरताच दिसतं. कासव संशोधन केंद्र पुएर्तो आयोरा गावातच, रस्ता सपाट. लोनसम जॉर्ज नावाचं पिंटा बेटावरचं शेवटचं राक्षसी कासव २०१२ साली गेलं, ते तिथे जतन करून काचेआड ठेवलंय. त्या खोलीत थोडेच लोक सोडतात आणि आत कोणी बोलत नाही. मी बाहेर आले तेव्हा घसा दाटला होता. तोर्तुगा बे या किनाऱ्याला जायला अडीच किलोमीटर फरसबंद वाट आहे, दोन्ही बाजूंना झाडाएवढे निवडुंग. हळूहळू चालायचं. पुढे पहिला किनारा दिसेल तिथे पोहायचं नाही, ओढ फार आहे. पुढच्या शांत खाडीत उतरायचं.

काकूंसाठी एकच काळजी, लांचात चढणं-उतरणं. धक्क्यावरून लहान होडीत, तिच्यातून लांचात, आणि दोन्ही हलत असतात. गुडघ्यांना त्रास होईल. एकाच बेटावर मुक्काम केलात तर हे टळतं. मी असते तर सान क्रिस्तोबाल निवडलं असतं, विमान थेट तिथेच उतरतं आणि विमानतळ गावाला लागून आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर शेकडो सी लायन झोपायला येतात, रात्रभर त्यांचं खाकरणं ऐकू येतं.

उतरायचं झालंच तर इथे टँकवर महिनाभर मास्क आणि स्नॉर्केल लावून सराव करा. मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून काढायचं, एवढं एक जमलं की भीती निम्मी होते. लाइफ जॅकेट मागा, देतात.

जेवणाची अडचण नाही. मेनेस्त्रा म्हणजे मसूर किंवा राजम्यासारख्या कडधान्याची दाट उसळ, भाताबरोबर. पाताकोनेस म्हणजे कच्च्या केळ्याचे ठेचून तळलेले काप. लोक्रो म्हणजे बटाट्याचं चीज घातलेलं सूप. मात्र "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" हे पाठ करा, म्हणजे मटण नको, कोंबडी नको, मासा नको. नुसतं "सिन कार्ने" म्हटलं तर कोंबडी येते.

---

टेकडी_आणि_झाडं | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

लेख आवडला, पण एक गोष्ट बोलायलाच हवी. बोटीवरच्या पर्यटकांची संख्या बोटींच्या परवान्यांनी बांधलेली असते. जमिनीवर मुक्काम करणाऱ्यांची तशी बांधलेली नाही. तुमच्यासारखे आम्ही सगळे गेलो तर त्या चार गावांत हॉटेलं वाढणार, सांडपाणी वाढणार, मुख्य भूमीवरून मालवाहू जहाजं वाढणार, आणि त्यांच्याबरोबर बिया, कीटक, उंदीर येणार. बेटाला हीच सगळ्यात मोठी इजा असते. मी वीस वर्षं वेताळ टेकडीवर घाणेरी उपटतोय. ती मूळची अमेरिकेतली. तीच घाणेरी बागेत शोभेची म्हणून गालापागोसला नेली आणि फ्लोरेआनावर तिने रान व्यापलं. एका झुडपाने दोन जागी काय केलं ते आपण डोळ्यांनी बघतोय.

---

निळाई | २६ नोव्हेंबर, रात्री १०:४४

दिवसभर तुमच्या प्रतिसादाचा विचार करत होते. तुमचं म्हणणं खरं आहे. पुएर्तो आयोरात नळाचं पाणी खारट, पिण्यासारखं नाही. आंघोळीला दोन बादल्या पाणी घेताना मला पानशेत पुराच्या आणि नंतरच्या टंचाईच्या घरच्या गोष्टी आठवायच्या. दुकानातला जवळजवळ प्रत्येक डबा जहाजाने आलेला.

माझ्या बाजूने एवढंच. मोठ्या बोटीवर दिलेले पैसे बहुतेक बाहेरच जातात. आम्ही ज्यांच्याकडे राहिलो ती बाई, आमचा बोटवाला, गाईड, उसळ-भात देणारा मुलगा, हे सगळे तिथलेच. शार्क जिवंत राहिला तर आपलं पोट भरतं, हे त्यांना रोज दिसतं. मच्छीमाराच्या मुलाने गाईड व्हावं यातच त्या समुद्राचं रक्षण आहे असं मला वाटतं. पण माणसांची संख्या बांधायला हवी, हे मान्य. उद्यानाची फी ऑगस्ट २०२४ पासून १०० वरून २०० डॉलर केली, ती मी आनंदाने भरली.

बियांचं मात्र ते फार कडक बघतात. इक्वाडोरच्या राजधानीत, क्वितोच्या विमानतळावर सामान तपासून पिशव्यांना सील लावतात. आमच्याकडे आईने दिलेला फराळ होता. चकलीत तीळ, लाडवात अळीव. विचारायलाही गेलो नाही, सगळा डबा क्वितोच्या गेस्टहाऊसवाल्या आजींना देऊन टाकला. लक्ष्मीपूजनाला बेटावर आमच्याकडे फक्त साखर होती. ती ठेवली.

---

टेकडी_आणि_झाडं | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

डबा देऊन टाकलात, हे वाचून फार बरं वाटलं. संख्येच्या मुद्द्यावर मी माझ्या मतावर आहे. फी वाढवल्याने श्रीमंत तेवढे जातील, संख्या बांधली जाईलच असं नाही. पण तुमच्या बोटवाल्याचं म्हणणं मी विसरणार नाही.

अजून एक. १९८२-८३ च्या एल निनोत तिथले सुमारे ७७ टक्के पेंग्विन मेले. पाणी तापलं, खालचं थंड पाणी वर येईना, मासे गेले. इग्वानाला शेवाळ मिळेना, आणि उपासमारीत त्यांच्या शरीराची लांबीच कमी होते, हाडांसकट, हे शास्त्रज्ञांनी मोजलंय. आपण एल निनोचं नाव काढतो ते खडकवासल्यात पाणी किती राहील म्हणून. तोच समुद्र, तीच गरमी.

---

अनघा_औंध | २७ नोव्हेंबर, दुपारी ४:३३

खर्चाचं कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. आणि मुंबईहून मार्ग कोणता घेतलात?

---

निळाई | २७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मुंबई, ॲमस्टरडॅम, क्वितो, मग बाल्त्रा, म्हणजे सांताक्रूझशेजारचं विमानतळाचं बेट. जाताना क्वितोत एक रात्र थांबा. शहर २,८५० मीटरवर आहे, जिना चढताना धाप लागते. व्हिसा आणि ट्रान्झिटचे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून लेखी विचारून घ्या.

तिथे चलन अमेरिकी डॉलरच. उद्यानाची फी २०० रोख न्या, त्याशिवाय २० डॉलरचं प्रवासी कार्ड. लांचा एका वेळेला ३०-३५ डॉलर. दोन टाक्यांचा डाइव्हचा दिवस साधारण २०० डॉलरच्या आसपास, आणि खर्चाचा डोंगर तिथेच होतो. म्हणून मी तेरा दिवसांत पाचच दिवस डाइव्ह केले, बाकी स्नॉर्केल. खरं सांगते, लेकीला विचाराल तर तिचा सगळ्यात आवडता तास फुकटातला आहे. सान क्रिस्तोबालच्या किनाऱ्यावर सी लायनचं एक पिल्लू तिच्याभोवती गिरक्या घेत होतं. ती गोल फिरली की ते गोल फिरायचं, ती उलटी झाली की ते उलटं. प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे. ती मागे सरकत होती आणि ते पुढे येत होतं. शेवटी तिने हात छातीशी घट्ट धरून ठेवले, चुकूनही लागू नयेत म्हणून. बाहेर आली ती रडतच.

डायव्हिंगचा वेगळा विमा काढा, नेहमीच्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो. स्वतःचा मास्क न्या, बाकी सगळं भाड्याने मिळतं. आणि सूट अंगावर चढवून, वाकून, हात वर करून बघितल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका.

---

प्रभातरोडचे_काका | २८ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

सौ.ने काल रात्री हा सगळा धागा वाचून काढला. सान क्रिस्तोबाल ठरलं, एप्रिलमध्ये. लशीबद्दल आमच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. ती म्हणते, मास्कमधलं पाणी काढायचं कसं ते कोणी समोर उभं राहून दाखवलं तर बरं. तुम्ही टँकवर कधी असता?

---

निळाई | २८ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

रविवारी सकाळी सात वाजता. काकूंना म्हणावं, माझ्याकडे जास्तीचा मास्क आहे, नवा घेऊ नका. उथळ बाजूला भेटू.